छत्रपती संभाजीनगरचे जुने शहर

छत्रपती संभाजीनगरचे जुने शहर म्हणजे महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराचा सतराव्या शतकात वसलेला मध्यवर्ती भाग होय. खाम नदीच्या काठी वसलेला हा भाग दरवाजे, भूमिगत जलवाहिन्या, पुरे, धार्मिक स्थळे आणि हिमरू विणकामासाठी ओळखला जातो. शहराच्या इतिहासाची साधने काही प्रमाणात संग्रहालयांत जपलेली आहेत. मात्र त्यांचा मोठा भाग आजही वापरातील रस्ते, पूल, बाजार आणि वस्त्यांमध्ये विखुरलेला आहे.

इतिहास

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इ.स. १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी शहर वसवले. मलिक अंबर हा मूळचा हबशी होता व गुलाम म्हणून भारतात आला होता. खडकेश्वर महादेवाचे मंदिर या मूळ गावाची आठवण टिकवून आहे. मोगल फौजांच्या स्वाऱ्यांत नव्या शहराची नासधूस झाली, परंतु ते पुन्हा उभे राहिले. १६२६ मध्ये मलिक अंबरच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फतेहखान याने शहरास फतेहनगर असे नाव दिले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाल्यावर त्याचे नाव औरंगाबाद झाले.

अठराव्या शतकात हे शहर आसफजाही निजामांची राजधानी होते. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलवण्यात आली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मंजुरीनंतर शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले.

तटबंदी आणि दरवाजे

मलिक अंबरने मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा हा शहरातील सर्वांत महत्त्वाच्या दरवाजांपैकी एक आहे. शहराभोवतीचा तट १६८२ मध्ये औरंगजेबाने बांधवला. उत्तरेस दिल्ली, दक्षिणेस पैठण, पूर्वेस जालना आणि पश्चिमेस मक्का हे त्याचे चार मुख्य दरवाजे होत. मक्का, महमूद आणि बारापुल्ला या दरवाजांना लागून खाम नदीवर पूल आहेत, त्यामुळे दरवाजा आणि पूल यांची रचना तेथे एकत्र पाहता येते. रंगीन दरवाजा, रोशन दरवाजा आणि काला दरवाजा हेही परिचित आहेत.

या दरवाजांमुळे शहरास ‘बावन्न दरवाजांचे शहर’ म्हणतात. ही संख्या लोकपरंपरेतील असून तीत तटाच्या मुख्य दरवाजांबरोबर लहान दरवाजे व पुऱ्यांच्या वेशीही मोजल्या जातात.

जलव्यवस्था

मोठी बारमाही नदी नसलेल्या या ठिकाणी राजधानी वसवणे शक्य झाले ते नहर-ए-अंबरीमुळे. मलिक अंबरच्या काळातील या योजनेत डोंगराच्या पायथ्याचे भूजल भूमिगत मार्गाने शहरात आणले जाई. उतारामुळे पाणी आपोआप वाहत असे. पुढील काळात अशा आणखी नहरी बांधल्या गेल्या.

महमूद दरवाजाजवळील पाणचक्की हे या जलतंत्राचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात ती आहे. मातीच्या नळांतून दुरून आणलेले पाणी उंच भिंतीवर चढवून खाली सोडले जाई व त्याच्या दाबावर चक्की फिरे. तिच्यावर दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंसाठी धान्य दळले जात असे. येथील मोठ्या हौदाचा तळ हेच त्याखालील दालनाचे छत आहे.

पुरे आणि बाजार

मोगल सरदारांच्या छावण्यांभोवती वाढलेल्या वस्त्यांना पुरा म्हणतात. जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा आणि पहाडसिंगपुरा ही नावे राजपूत व बुंदेला सरदारांची आहेत. मालपुरा, खेलपुरा यांसारखी नावे भोसले घराण्यातील सरदारांशी जोडली जातात. गुलमंडी, सिटी चौक, सराफा आणि शहागंज हे जुने बाजार आजही गजबजलेले असतात. राजाबाजारातील संस्थान गणपती हे शहराचे ग्रामदैवत मानले जाते. कर्णपुऱ्यात नवरात्रात देवीची यात्रा भरते. किले अर्कजवळील जामा मशिदीच्या बांधकामाचा आरंभ मलिक अंबरने केला.

संग्रहालये

पहाडसिंगपुऱ्यातील सोनेरी महाल ही बुंदेला सरदाराची वास्तू होय. भिंतींवरील सोनेरी रंगकामावरून तिला हे नाव पडले. राज्य पुरातत्त्व विभागाच्या येथील संग्रहालयात शिल्पे आणि मराठवाड्यातील पुरावस्तू आहेत. महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात शस्त्रे, चिलखते, नाणी आणि जुनी वस्त्रे आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाचेही वस्तुसंग्रहालय आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने नागपूर विद्यापीठासह भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे उत्खनन केले. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे सातवाहनकालीन मराठवाड्याच्या दूरदेशीच्या व्यापारावर प्रकाश पडतो.

भाषा, साहित्य आणि हस्तकला

शहरात मराठी, उर्दू आणि दखनी या भाषा शतकानुशतके एकत्र नांदल्या. उर्दू गझलेच्या आद्य कवींपैकी वली आणि सिराज औरंगाबादी (१७१५–१७६३) हे या शहराशी निगडित आहेत. मराठवाडा साहित्य परिषदेचे मुख्यालय येथे आहे. दलित साहित्याच्या वाटचालीत महत्त्वाचे ठरलेले ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक गंगाधर पानतावणे यांनी येथूनच चालवले.

सुती ताणा आणि रेशमी बाणा वापरून विणलेले हिमरू हे शहराचे वैशिष्ट्यपूर्ण वस्त्र आहे. जरीच्या महागड्या किनखाबाला पर्याय म्हणून ते रूढ झाले. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर येथे आले, अशी परंपरा आहे. नान खलिया या पदार्थाचा उगमही त्याच स्थलांतराशी जोडला जातो.

जतन

शहराच्या वाढीत तटाचा बहुतांश भाग आणि अनेक दरवाजे नष्ट झाले. उरलेले काही दरवाजे वर्दळीच्या रस्त्यांवर असून वाहनांचे धक्के, धूर आणि लगतची बांधकामे यांमुळे त्यांना धोका पोहोचतो. स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची दुरुस्ती करण्यात आली आहे. नहरींचे जतन अधिक कठीण आहे, कारण त्यांचे मार्ग जमिनीखाली आहेत आणि वर बांधकाम झाल्यास प्रवाह तुटतो. यंत्रमागाच्या स्वस्त कापडामुळे हातमागावर हिमरू विणणारे कारागीरही मोजकेच उरले आहेत. संग्रहालयात वस्त्राचा नमुना जपता येतो, परंतु विणण्याचे कौशल्य टिकण्यासाठी चालू माग आणि शिकणारी नवी पिढी लागते.