अगरू, ऊद आणि आपली उदबत्ती

देवापुढे आपण लावतो तिला कोणी उदबत्ती म्हणतात, कोणी अगरबत्ती. ही दोन्ही नावे मुळात एकाच लाकडावरून आली आहेत. संस्कृतातील अगरू तेच अरबांचे ऊद. जीर्णोद्धारानंतर आपल्या ग्रामदैवताच्या गाभाऱ्यात पुन्हा धूप दरवळू लागला आहे. त्या धुराचे मूळ कोठले, हे गावकरी व देणगीदार मंडळींपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

अगरूचे झाड आपल्या सह्याद्रीतले नव्हे. आसाम व ईशान्येकडील टेकड्या, आणि त्यापलीकडे मलाया, व्हिएतनाम या मुलखांत अगरूच्या जाती वाढतात. निरोगी झाडाच्या लाकडाला वास नसतो. ते पांढरट व हलके असते. झाडाला अळीने भोक पाडले, जखमेत बुरशी शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी तेथे काळपट राळ साठवू लागते. वर्षानुवर्षे ती साठत जाते, लाकूड जड होते आणि उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात बुडतो. चिनी व जपानी लोकांनी त्याला नावच 'बुडणारा सुगंध' अशा अर्थाचे दिले. आपल्याकडे अगुरु म्हणजे 'जे जड नाही ते'! विद्वानांनी या शब्दाची व्युत्पत्ती काहीही लावो, लाकूड मात्र तेच.

आपल्या देशात हे लाकूड फार जुन्या काळापासून परिचित आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोषागारात ठेवण्याजोग्या मौल्यवान वस्तूंत अगरूचे प्रकार दिलेले असून त्यांत समुद्रापलीकडून येणारा एक प्रकारही आहे. कालिदासाच्या रघुवंशात रघूची सेना लौहित्या, म्हणजे ब्रह्मपुत्रा, ओलांडते तेव्हा तिचे हत्ती काळ्या अगरूच्या झाडांना बांधलेले दिसतात. सातव्या शतकात कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने हर्षवर्धनाकडे नजराणा पाठविला. त्यात काळ्या अगरूचे तेल आणि अगरूच्या सालीवर लिहिलेल्या पोथ्या होत्या, असे बाणभट्ट सांगतो. आसामात या सालीवर लिहिलेल्या पोथ्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

देवळाच्या दृष्टीने सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी हकिकत मुलतानची आहे. तेथील सूर्यमंदिर त्या काळी सर्व भरतखंडात प्रसिद्ध होते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीस अबू झैद सिराफी या अरब लेखकाने लिहून ठेवले आहे की, कामरूपचा उत्तम ऊद भाविक कित्येक महिन्यांची वाट तुडवून तेथे आणीत आणि मूर्तीपुढे जाळण्यासाठी पुजाऱ्यांच्या हाती देत. ऊद इतका मऊ की त्यावर अंगठीची मुद्रा उमटे, आणि त्याची किंमत मणाला दोनशे दिनारांपर्यंत जाई (तो मण आपल्या चाळीस शेरांच्या मणाहून पुष्कळ लहान). पुढचे वाक्य वाचून मन थबकते. व्यापारी तोच ऊद पुजाऱ्यांकडून विकत घेत. कोणा गरीब यात्रेकरूने पाठीवरून आणलेला देवाचा धूप असा परदेशी पेठेत जाई! देवस्थानांचे हिशेब तेव्हा कोण वाचत असेल, कोणास ठाऊक.

जपानात या लाकडाची कथा इ. स. ५९५ पासून सुरू होते. आवाजी बेटाच्या किनाऱ्यावर एक ओंडका वाहत आला. लोकांनी तो जळण म्हणून चुलीत घातला, पण वास येताच तो राजदरबारी नेऊन दिला. नारा येथील शोसोइन या कोठारात रांजाताई नावाचा सुमारे दीड मीटर लांबीचा, साडेअकरा किलोंहून थोडा अधिक वजनाचा ओंडका आहे. १५७४ मध्ये ओदा नोबुनागा या सेनापतीने त्याचा तुकडा कापून घेतला, १८७७ मध्ये मेइजी सम्राटाने. कापलेल्या जागी चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत. जपानी लोक हे लाकूड पेटवीत नाहीत. राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची चकती ठेवून तीवर कणभर तुकडा तापवितात आणि गंध 'ऐकतात'. त्यांच्या भाषेत शब्दच तसा आहे.

अरबांची रीत निराळी. तेथे निखाऱ्यावर तुकडे टाकून धुपाटणे पाहुण्यांपुढे फिरवितात, वस्त्रांना धुरी देतात. त्यांना आसामचा उग्र, चामड्यासारख्या वासाचा 'हिंदी' ऊद प्रिय; जपानात व्हिएतनामकडील गोडसर, थंड वासाला मान अधिक.

आणि आपली उदबत्ती? बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा व चिकट सालीचे चूर्ण थापून ती सुगंधी तेलात बुडवितात. नावात ऊद आहे, काडीत बहुधा नसतो. वाण्याकडे ऊद म्हणून मिळतो तोही लोबानाचा डिंक. त्यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. पण स्वस्तातला 'अस्सल अगर' घेऊन देवाला वाहणाऱ्यांनी एवढे जाणून असावे. नित्यपूजेला गुग्गुळ आणि राळ यांत काही उणे नाही.

अस्सल अगरू महागण्याचे कारण उघड आहे. आत राळ आहे की नाही हे बाहेरून नीट कळत नाही, म्हणून लोकांनी रानातली झाडे सरसकट तोडली. १९९५ पासून आसामच्या जातीच्या आणि २००५ पासून सर्वच जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आहे. रानात ती झाडे आता फार थोडी उरली. वरच्या आसामात मात्र शेतकरी घराच्या परसात सुपारीबरोबर अगरू लावतात. इतर पिकांना कीड लागू नये म्हणून शेतकरी धडपडतो. हा शेतकरी खोडाला अळीचे भोक कधी दिसते याची वाट पाहत बसतो, आणि काही झाडांना ते कधीच पडत नाही.