फोटोमागे लिहिलंय १९१६, पण चाक वेगळंच सांगतंय

या भागात मी सारखं ‘झूम करा, झूम करा’ म्हणणार आहे. बसमध्ये उभे असाल तर ते जमणार नाही, म्हणून हा भाग लिहूनही देतोय.

आमच्या गावच्या घरी माजघरात एक फोटो टांगलेला आहे. मोटारीच्या मडगार्डला टेकून एक गृहस्थ उभे आहेत. धोतर, काळा कोट, डोक्याला पागोटं. हे माझे खापरपणजोबा, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. सर्वपित्रीला हार याच फोटोला. आणि पाहुणे आले की ठरलेलं वाक्य: ‘तालुक्यातली पहिली मोटार आमची.’ फोटोमागे लिहिलंय, ‘वडील, १९१६’.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना फ्रेमची काच फुटली. फोटो बाहेर काढलाच आहे तर स्कॅन करून ठेवू म्हटलं. स्कॅन केला, लॅपटॉपवर मोठा केला आणि पुढच्या चाकापाशी अडकलो.

चाकाला तारांच्या काड्या होत्या आणि त्यांच्या मागे एक गोल डबा दिसत होता. तो ब्रेकचा ड्रम. आता यात काय विशेष, असं वाटेल. पण सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांना ब्रेकच नसायचे. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोट तयार झाल्या, आणि शेवटच्या गाडीपर्यंत पुढच्या चाकाला ब्रेक आला नाही. पायाचा ब्रेक गिअरच्या यंत्रणेवर लागायचा आणि हाताचा मागच्या चाकांवर.

मग १९१६ च्या फोटोत हा ड्रम आला कुठून?

इथे मी लगेच ‘तारीख चुकीची!’ म्हणून ओरडलो असतो तर तोंडावर पडलो असतो. कारण इटलीची इसोटा फ्रास्किनी आणि स्कॉटलंडची आर्गाइल या कंपन्यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच चारही चाकांना ब्रेक दिले होते. महागड्या, मोजक्या गाड्या, पण होत्या. म्हणजे एका खुणेवर निकाल देता येत नाही. दुसरी खूण हवी, तिसरी हवी, आणि त्या एकमेकींशी जुळायला हव्यात.

म्हणून रेडिएटरकडे गेलो. जुन्या गाडीचा चेहरा म्हणजे रेडिएटर. मॉडेल टीचंच बघा. १९१६ च्या मॉडेलपर्यंत तिचा रेडिएटर पितळी, १९१७ च्या मॉडेलपासून त्यावर काळं कवच. १९१४ पर्यंत पुढचे दिवे गॅसवर जळणारे, १९१५ पासून विजेचे. तुमच्या घरी अशा गाडीचा फोटो असेल तर एवढ्यावरही बरंच कळतं.

आमच्या फोटोतला रेडिएटर चकचकीत धातूचा होता. वर मधोमध लंबगोल बिल्ला, आणि त्यात पुसट पण वाचता येणारी ‘फोर्ड’ ही अक्षरं. अक्षरं सुलटी वाचता आली ही अजून एक चांगली गोष्ट. काचेच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढताना ती उलटी ठेवली की डाव्याचं उजवं होतं, आणि मग आपण स्टिअरिंग ‘चुकीच्या’ बाजूला बघून गाडी कुठल्या देशातली यावर वाद घालत बसतो. आमचा फोटो सुलटा होता आणि स्टिअरिंग उजवीकडे. ते बरोबरच. ब्रिटन सोडून साम्राज्याच्या बऱ्याचशा भागात फोर्ड विकायचे हक्क कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडे होते, आणि डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी ती उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या पाठवायची.

तारांची चाकं, पुढच्या चाकांना ब्रेक, चकचकीत रेडिएटर, लंबगोल बिल्ला, दोन दिव्यांना जोडणारा आडवा दांडा. हे सगळं मिळून एकच नाव येतं: फोर्ड मॉडेल ए. ही गाडी लोकांसमोर आली २ डिसेंबर १९२७ ला.

आमच्या धंद्यात लॉग वाचताना एक साधा नियम असतो. जे फीचर ज्या व्हर्जनमध्ये आलं, ते दिसलं म्हणजे लॉग त्या व्हर्जनच्या आधीचा असूच शकत नाही. फोटोचंही तेच. पण हा नियम एकाच दिशेने चालतो. फोटो १९२७ च्या आधीचा नाही, हे पक्कं. तो १९२९ चा की १९३८ चा, हे गाडी सांगत नाही, कारण माणसं गाड्या वर्षानुवर्षं वापरतात. मॉडेल ए १९२८-२९ ची असेल तर चाकाची रिम २१ इंची, १९३०-३१ ची असेल तर १९ इंची, म्हणून मी पिक्सेलसुद्धा मोजायला बसलो. रिमच्या कडेवर चिखल होता. नाद सोडला.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. त्या काळच्या बऱ्याच प्लेट्स लाल रंग पकडायच्याच नाहीत. लाल गाडी फोटोत काळी दिसते आणि निळी गाडी फिकट.

आणि लिहिलेल्या तारखेवर? फ्रान्समधली एक गोष्ट सांगतो. जाक आंरी लार्तिग नावाच्या पोराने रेसिंग कारचा एक फोटो काढला. गाडीचं चाक पुढे झुकलेलं आणि लंबगोल, मागचे प्रेक्षक उलटे मागे कललेले. कॅमेऱ्याच्या शटरची फट प्लेटवरून सरकेपर्यंत गाडी पुढे निघून गेली होती, त्याचा हा परिणाम. त्याला हा फोटो फसलेला वाटला होता. पुढे तो वेगाचा जगातला सगळ्यात गाजलेला फोटो ठरला. खाली त्याची तारीख होती २६ जून १९१२, आणि गाडी म्हणे डेलाज. कित्येक वर्षं सगळ्यांनी तेच छापलं. मग अभ्यासकांनी गाडी आणि तिच्यावरचा ६ हा आकडा शर्यतीच्या नोंदींशी ताडून पाहिला. गाडी निघाली श्नायडर, आणि शर्यत १९१३ ची, आमियाँची. फोटो काढणाऱ्याचीच आठवण एका वर्षाने चुकली होती. गाडी मात्र जशी होती तशीच फोटोत उभी होती.

आता घरी परत येतो, कारण माझी खरी अडचण तारखेची नव्हती. आमचे खापरपणजोबा १९१८ च्या मानमोडीत गेले. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची ती साथ, जिच्यात आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा पणजोबा तीन वर्षांचे होते. जो माणूस १९१८ ला गेला, तो १९२७ नंतरच्या गाडीला टेकून उभा कसा राहील?

आजीला सांगायला दोन दिवस लावले. पंचेचाळीस-पन्नास वर्षं तिने त्या फोटोला हार घातलाय. शेवटी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि चाकापासून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि फोटोची मागची बाजू मागितली.

“नीट बघ,” म्हणाली. “‘वडील’ हे शाईने लिहिलंय. ते मामंजींचं अक्षर. १९१६ बॉलपेननं आहे. तो तुझ्या आजोबांचा उद्योग.”

मी चाकाच्या काड्या मोजत बसलो होतो, आणि दोन पेनं मला दिसली नव्हती.

मग म्हणाली, “मामंजींना त्यांच्या काकांनी वाढवलं. काकांना मूलबाळ नव्हतं. मामंजी त्यांचा विषय निघाला की ‘वडील’च म्हणायचे.”

म्हणजे पणजोबांनी चूक लिहिलं नव्हतं. आजोबांनी ‘वडील’ या शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि त्याला जुळेल असं वर्ष टाकलं. फोटोतले गृहस्थ बहुतेक ते काका आहेत. बहुतेकच, कारण ते गाडीवरून सिद्ध होत नाही, आजीच्या आठवणीवरून होतं, आणि आठवणींचं काय होतं ते लार्तिगच्या गोष्टीत ऐकलंत. तालुक्यातली पहिली मोटार वगैरे तर गेलंच. गाडी कुणाची, तेही माहीत नाही.

आणि एक गोष्ट खरोखर हातातून गेली. खापरपणजोबांचा आता आमच्याकडे एकही फोटो नाही. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काकांना आजवर कुणी पान वाढलं होतं का रे? हार तरी मिळाला.”

फोटो नव्या काचेत परत भिंतीवर गेलाय. मागचं जुनं लिखाण तसंच ठेवलंय. शेजारी पेन्सिलने एक चिठ्ठी जोडली: ‘बहुधा काका. गाडी फोर्ड मॉडेल ए, म्हणून डिसेंबर १९२७ नंतरचा.’ खाली आजीचं नाव आणि तिने सांगितल्याची तारीख.

तुमच्याकडे असा फोटो असेल तर आधी चाक बघा, मग रेडिएटर, मग दिवे. त्यानंतर फोटो उलटा करून पेनं मोजा. आणि हे सगळं घरातलं सांगणारं माणूस आहे तोवर करा. भेटू पुढच्या भागात!