संगणक खेळातील अरण्य आणि सावलीचे गणित

संगणकावरील द्विमितीय खेळात अरण्य उभे करणे वरकरणी सोपे वाटते. तयार चित्रसंचातील झाडे उचलावीत, हिरवळीवर मांडावीत, मधून एक पायवाट काढावी, की नकाशा तयार. तरीही असे अरण्य अनेकदा खरे वाटत नाही. झाडे जमिनीत रुजलेली न दिसता कागदावर चिकटवल्यासारखी दिसतात. ही उणीव बहुतेक वेळा झाडांच्या चित्रांत नसते, सावलीत असते. झाड आणि जमीन यांचे नाते पडद्यावर सावलीच जोडते. मात्र सावली जितकी गडद तितके अरण्य खरे, हा समज चुकीचा आहे. प्रकाशाची दिशा एकच ठेवणे, सावलीला योग्य रंग देणे आणि खेळाडूची वाट झाकोळू न देणे, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते.

चौकटींचा नकाशा

अशा खेळांचा नकाशा 'टाइल' नावाच्या लहान चौकोनी चित्रांनी बनतो. फरशीला फरशी लावून जमीन तयार करावी, तशीच ही रीत. या प्रकारच्या साधनांपैकी जगभर परिचित असलेले एक साधन म्हणजे जपानमधील 'आरपीजी मेकर'. आस्की या जपानी कंपनीने १९९२ मध्ये 'आरपीजी त्सुकूरू दान्ते ९८' ही आवृत्ती आणली. पुढे २००४ मध्ये एक्सपी, २०१५ मध्ये एमव्ही आणि २०२० मध्ये एमझेड या आवृत्त्या आल्या. कान गाओ यांचा २०११ मधील 'टू द मून' हा गाजलेला खेळ एक्सपी आवृत्तीवरच तयार झाला. एक्सपीमध्ये एक टाइल ३२ बाय ३२ पिक्सेलची असते; एमव्हीमध्ये ४८ बाय ४८ पिक्सेलची.

तयार सावलीची मर्यादा

एमव्हीमध्ये सावली काढण्यासाठी स्वतंत्र लेखणी दिलेली आहे. तिच्या साहाय्याने एका टाइलचे चार समान भाग हवे तसे काळवंडता येतात. म्हणजे सावलीचा सर्वांत लहान तुकडाही २४ बाय २४ पिक्सेलचा चौकोनच राहतो. ही सावली म्हणजे ५० टक्के पारदर्शक असा शुद्ध काळा रंग असतो. भिंतीची टाइल ठेवली, की तिच्या उजवीकडे अशी सावली आपोआपही पडते. घरे, किल्ले, तळघरे यांच्या सरळ कडांना ती शोभते. झाडाच्या गोलसर घेराला मात्र नाही. शिवाय झाडांच्या टाइलना ही स्वयंचलित सावली मिळतच नाही.

दुसरी अडचण थरांच्या क्रमाची आहे. ही सावली जमिनीच्या थरावर, पण पात्रांच्या खाली रंगवली जाते. परिणामी खेळातील नायक सावलीत शिरला तरी त्याच्या अंगावरील उजेड कमी होत नाही. गर्द झाडीतही तो उन्हात उभा असल्यासारखा झळकतो आणि अरण्याचा भास तिथेच भंगतो.

निसर्गाचे नियम

सावली काढण्यापूर्वी ती निसर्गात कशी पडते, हे पाहणे उपयोगी ठरते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल, तर सपाट जमिनीवर सावलीची लांबी वस्तूच्या उंचीइतकी असते. ३० अंशांवर ती उंचीच्या सुमारे १.७ पट होते. माध्यान्ही ती झाडाखाली गोळा होते. नकाशावर एका झाडाची सावली उजवीकडे आणि शेजारच्या झाडाची डावीकडे पडली, तर खेळणाऱ्याला नेमकी चूक सांगता येणार नाही, पण ती डोळ्यांना खटकेल. म्हणून प्रकाशाची दिशा आधी ठरवावी. झाडांच्या चित्रांत कोणती बाजू उजळ रंगवली आहे ते पाहावे आणि तिच्या विरुद्ध बाजूस सावली टाकावी.

सावलीची कडा सर्वत्र सारखी नसते. बुंध्याशी ती रेखीव असते, तर उंच फांद्यांची सावली जमिनीवर पोहोचेपर्यंत धूसर होते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापणारी तबकडी आहे, हे त्याचे कारण. पानांच्या फटींतून पडणारे कवडसे गोलसर दिसतात तेही याचमुळे. प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते. तिचा व्यास फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे ११०व्या भागाइतका असतो. दहा मीटर उंचीवरील लहान फटीतून आलेला प्रकाश जमिनीवर सरळ पडला, तर कवडसा जेमतेम ९ सेंटिमीटरचा होतो. एक टाइल म्हणजे एक मीटर असे धरल्यास पडद्यावर तो ४ पिक्सेल भरेल. म्हणून सुटे ठिपके विखरून टाकण्यापेक्षा एकमेकांत मिसळणाऱ्या कवडशांचे लहानमोठे पुंजके काढणे अधिक परिणामकारक ठरते.

सावलीलाही रंग असतो

उघड्यावरील सावलीत आकाशाचा निळसर प्रकाश पोहोचतो, तर झाडीखाली पानांतून गाळलेला हिरवट उजेड. नुसता काळा रंग वापरला, की हिरवळ मळकट दिसते. एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. हिरवळीच्या रंगात लाल १००, हिरवा १६० आणि निळा ७० अशी मूल्ये असतील, तर ५० टक्के काळ्या थराखाली ती ५०, ८० आणि ३५ होतात. त्याऐवजी लाल ११०, हिरवा १४५ आणि निळा १६० असा रंग 'मल्टिप्लाय' पद्धतीने मिसळला, तर उत्तर येते ४३, ९१ आणि ४४. अंधार साधारण तेवढाच राहतो, पण त्यात गारवा येतो आणि हिरवळीचा हिरवेपणाही टिकतो.

टाइलच्या रूपात सावली

पहिला मार्ग म्हणजे स्वतःच्या सावलीच्या टाइल तयार करणे. जिम्पसारख्या मोफत चित्र-संपादकात गडद निळसर-हिरव्या रंगाचे, मऊ कडांचे डाग काढून ते पारदर्शक पीएनजी फाइलमध्ये जतन करावेत. एमव्हीतील 'बी' ते 'ई' या संचांसाठी ७६८ बाय ७६८ पिक्सेलची फाइल लागते आणि तिच्यात २५६ टाइल मावतात. आधी सावलीची टाइल आणि तिच्यावर खोडाची टाइल ठेवली, की झाड जमिनीत रुजते. एमझेडमध्ये थर स्वतः निवडण्याची सोय असल्याने हे काम अधिक सुकर होते.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. एकच डाग सगळीकडे वापरल्यास अरण्याला छापील कापडाची कळा येते; म्हणून तीन-चार वेगळे नमुने असावेत. दुसरे असे, की दोन अर्धपारदर्शक सावल्या एकमेकींवर आल्यास अंधार वाढतो. ४० टक्क्यांच्या दोन थरांखाली मूळ प्रकाशाचा केवळ ३६ टक्के भाग उरतो. निसर्गात सूर्य एकच असल्याने दोन झाडांच्या सावल्या एकत्र आल्या तरी अशी दुप्पट काळोखी होत नाही. अशा ठिकाणी दोन्हींची मिळून एकच सलग सावली काढावी.

पात्रांवरचा उजेड

पात्रांच्या अंगावरही ऊन-सावली खेळवायची असेल, तर ती त्यांच्या वरच्या थरावर हवी. एक्सपीमध्ये यासाठी 'फॉग' ही सोय आहे. तिचे चित्र नकाशासोबत सरकते आणि त्याची पारदर्शकता व मिसळण्याची पद्धत ठरवता येते. एमव्हीत ही सोय नाही. तेथे 'पिक्चर' म्हणून कवडशांचा थर दाखवता येतो आणि त्याला मल्टिप्लाय पद्धतही लावता येते. परंतु पिक्चर पडद्याला बांधलेले असते, नकाशाला नव्हे. नायक चालू लागला की कवडसेही त्याच्याबरोबर निघतात. ते जमिनीशी जखडण्यासाठी प्लगइनची मदत घ्यावी लागते.

संपूर्ण जमीन सावल्यांसह एकाच चित्रात रंगवून ती पार्श्वचित्र म्हणून वापरण्याचीही रीत आहे. एमव्हीत अशा फाइलच्या नावाआधी उद्गारचिन्ह दिले, की चित्र नकाशाला घट्ट बांधले जाते. सौंदर्याच्या दृष्टीने ही रीत सरस असली, तरी ती महाग पडते. ५० बाय ४० टाइलच्या नकाशाचे चित्र २४०० बाय १९२० पिक्सेलचे होते आणि उघडल्यावर स्मृतीत सुमारे १८ एमबी जागा घेते. नकाशात एक झाड हलवायचे झाले, तरी चित्र पुन्हा रंगवावे लागते.

वाट दिसली पाहिजे

या साऱ्यात खेळणाऱ्याचा विसर पडता कामा नये. चित्रातील सावली केवळ पाहायची असते. खेळातील सावलीतून चालायचे असते. फार गडद डाग खेळाडूला खड्डा किंवा अडथळा वाटतो आणि तो मोकळ्या वाटेवरूनही माघारी फिरतो. याउलट वाटेच्या वळणावर पडलेला कवडसा न बोलता दिशा दाखवतो. नकाशा पूर्ण झाल्यावर त्याचे चित्र कृष्णधवल करून पाहणे, ही सोपी कसोटी आहे. रंग काढून घेतल्यावरही वाट, खोड आणि झाडी वेगवेगळी ओळखू आली, तर सावलीने आपले काम केले. ती ओळखू येत नसतील, तर आणखी झाडे लावण्यापूर्वी सावली हलकी करणे श्रेयस्कर.