हलक्या मोटारीचे टायर व हवेचा दाब

सुटे भाग जमवून बांधलेल्या मोटारीचे (किट कार) वजन बहुधा ५०० ते ६०० किलोच्या आसपास भरते. बाजारातले टायर मात्र याहून बऱ्याच जड गाड्यांसाठी घडवलेले असतात. निवडीची सारी अडचण इथूनच सुरू होते.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (ता. कडेगाव) येथील दत्तात्रय लोहार यांची छोटी जीप हे अशा गाडीचे सर्वज्ञात उदाहरण. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी त्यांनी भंगारातल्या भागांपासून उभी केली आणि तिला रिक्षाची चाके बसवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक करून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. इतक्या हलक्या, संथ गाडीला रिक्षाची चाके शोभतात. वेग वाढणार असेल तर १२ इंची रेडियल टायर घ्यावेत. टाटा नॅनोच्या पहिल्या गाड्यांना पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२ हे माप होते. इंजिन मागे असल्याने मागचे टायर रुंद ठेवले होते. रेडियल आणि जुन्या तिरप्या दोऱ्यांचे (क्रॉस-प्लाय) टायर एकाच आसावर कधीही बसवू नयेत.

रुंद टायर म्हणजे चांगली पकड, हा समज हलक्या गाडीपुरता चुकीचा आहे. वजन कमी म्हणून रबर पुरेसे तापत नाही आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

दाब ठरवण्याआधी गाडी, चालकासह, काट्यावर न्यावी. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातला ऊस कारखान्यावर जातो, तेव्हा वजनकाटा इथे नवलाचा नाही. आधी फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके काट्यावर घेतली की प्रत्येक आसावरचा भार कळतो. मोठ्या काट्याचा आकडा १०-२० किलोंनी पुढेमागे झाला तरी कामापुरता पुरतो. टायरवरचा भारांक ७१ असेल तर तो योग्य दाबाला ३४५ किलो पेलू शकतो. आपल्या गाडीत चाकाला जेमतेम १४० किलो येतात. म्हणून कंपनीच्या गाडीचा ३० पीएसआय इथे जास्त होतो. ढोबळ हिशेबाने १४० किलोच्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग ३० पीएसआयला सुमारे १० चौरस इंच, २० ला १५ चौरस इंच भरतो. हवा जास्त असली की टायर मधोमध झिजतो, खड्ड्यात उडतो, ब्रेक दाबताच घसरतो. लोटस सेव्हन (१९५७) या हलक्या मोटारीच्या वंशातल्या इंग्लंडमधील गाड्यांना १८ ते २० पीएसआय ठेवण्याचा प्रघात आहे.

हा आकडा पाटणला जसाच्या तसा उचलू नये. कराड-चिपळूण मार्ग पाटण, कोयनानगरवरून कुंभार्ली घाटात शिरतो आणि पावसाळ्यात या रस्त्यावर पाणी वाहते. विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: ३० पीएसआयला तो ताशी सुमारे ९१ किमी, २० ला सुमारे ७४ किमी. पाणी खोल आणि नक्षी झिजलेली असेल तेव्हाचे हे आकडे आहेत. म्हणजे मऊ हवेने कोरड्यावर पकड मिळते, पण पाण्यावर वेगाची मर्यादा खाली येते. पाटणसाठी २२ पासून सुरुवात करणे योग्य वाटते, जड आसावर दोनेक पीएसआय जास्त.

पुढची तपासणी खडूने करावी. टायरच्या रुंदीवर आडवी रेघ ओढून गाडी थोडी सरळ चालवावी. रेघ मधे आधी पुसली तर हवा कमी करावी, कडांना आधी पुसली तर वाढवावी. मोजणी नेहमी थंड टायरवर, सकाळी करावी. १० अंश तापमान वाढले की या दाबाला साधारण एक पीएसआय वाढतो. टायर तापलेला असताना वाढलेली हवा सोडू नये.

हलक्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. जुन्या बाजारातून घेताना नक्षीपेक्षा कडेवरचे चार आकडे आधी वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. भेगा पडलेला, कडक झालेला टायर नक्षी शाबूत असली तरी घेऊ नये.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर, दुचाकी व तीनचाकीची ०.८ मिलिमीटर लागते. घाटातल्या पावसाला १.६ पुरत नाही. ३ मिलिमीटरवर आल्यावर टायर बदलावा. नमुना-मान्यता आणि नोंदणीशिवाय घरी बांधलेली मोटार सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही.