रोजच्या जगण्यातील लिंगभेद : नळदुर्ग परिसराच्या निमित्ताने

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हे गाव बोरी नदीवरच्या भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, नदीवर दगडी बंधारा घालण्यात आला व त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून दोन धबधबे कोसळतात. लोक त्यांना 'नर' आणि 'मादी' म्हणतात. एकाच नदीच्या पाण्याला दोन लिंगे द्यावीत, ही भाषेची सवय निरुपद्रवी आहे. मात्र हीच सवय माणसांच्या बाबतीत कामांची, जागांची, वेळेची आणि हक्कांची वाटणी करू लागते, तेव्हा तिला लिंगभेद म्हणतात.

स्वरूप

हुंडाबळी, बलात्कार, गर्भलिंगनिदान हे लिंगभेदाचे उघड व कायद्याने दंडनीय आविष्कार होत. त्यांची नोंद होते, खटले चालतात, वृत्तपत्रांत बातम्या येतात. दैनंदिन लिंगभेदाची मात्र कोठेही नोंद होत नाही. शेवटी जेवायला बसणे, भावाच्या ताटात साय पडणे, 'मुलीच्या जातीला इतके हसणे शोभत नाही' हे वाक्य, बसमध्ये लागलेला 'चुकून'चा धक्का, बैठकीत बाईने मांडलेला मुद्दा पुरुषाने पुन्हा सांगितल्यावर मान्य होणे, अशा लहान लहान प्रसंगांनी तो बनलेला असतो. यांतील एकेक प्रसंग तक्रार करण्याइतका मोठा नसतो आणि हेच त्याचे बळ आहे. तक्रार करणारीच 'फार मनाला लावून घेणारी' ठरते.

मराठीत या विषयाची चर्चा नवी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नसतात काय, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्यांचा रोख केवळ मोठ्या रूढींवर नव्हता, तर स्त्रीविषयी उठताबसता बोलल्या जाणाऱ्या तुच्छतेवरही होता. हे पुस्तक दीर्घकाळ विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

बालपण : 'परक्याचे धन'

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये ही संख्या ९१३ होती. धाराशिवच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये ती ८०७ इतकी खाली गेली होती. या आकड्यांमागे ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्या आहेत. जन्माला आलेल्या मुलींनाही आपण नकोशा होतो की हव्याशा, हे फार लवकर कळते. सातारा जिल्ह्यात 'नकुशी' किंवा 'नकोशी' असे नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींचे २०११ मध्ये समारंभपूर्वक नामांतर करण्यात आले. शाळेत हजेरी घेताना रोज 'नकुशी' ही हाक ऐकणाऱ्या मुलीच्या मनात स्वतःविषयी काय चित्र तयार होत असेल, याची कल्पना करता येते.

बहुतेक घरांत भेद इतका उघड नसतो. मुलगी शाळेत जाते, तिचे कौतुकही होते. तथापि शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मुलगा खेळायला पळतो आणि मुलगी हंडा किंवा झाडू उचलते. पाण्याची टंचाई मराठवाड्याच्या पाचवीला पुजलेली आहे. टँकर येण्याची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे त्याची वाट पाहण्याचे काम मुलीच्या वाट्याला येते. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, ही सोय मोलाची आहे. परंतु शेवटच्या बसनंतरचा शिकवणीचा वर्ग, सायंकाळचे वाचनालय किंवा मैदान तिच्यासाठी बंदच राहते. 'जमाना वाईट आहे' असे सांगून तिला घरात बसविले जाते आणि ज्यांच्यामुळे जमाना वाईट झाला ते मोकळे फिरतात. मुलीला यातून मिळणारा धडा स्पष्ट असतो : बाहेरची जागा आपली नाही, आपण तेथे परवानगीने येतो.

नाव, कुंकू आणि ओळख

महाराष्ट्रातील अनेक घरांत लग्नानंतर वधूचे केवळ आडनाव नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलले जाते. ताटातील तांदळात नवे नाव लिहिले जाते, पेढे वाटले जातात. वीस-बावीस वर्षे ज्या नावाला ती 'ओ' देत आली, ते नाव माहेरच्या उंबऱ्यापुरते उरते. पुढे 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशीच तिची हाक होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत प्रथम बालकाचे नाव, नंतर आईचे, वडिलांचे व शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केला. कागदावर का होईना, आईला नाव मिळाले.

पतीच्या निधनानंतर ही परावलंबी ओळखही हिरावली जाते. हळदीकुंकवाचे आमंत्रण थांबते, लेकीच्या लग्नातही आईला मागे उभे राहावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठरावाने मन एका दिवसात बदलत नाही. पण जिला नकार द्यायचा आहे तिच्या पाठीशी गाव उभे राहू शकते, हे त्यातून दिसले.

'मी काही करत नाही'

घरी असणाऱ्या स्त्रीला 'काय करता?' असे विचारले, की 'काही नाही, घरीच असते' हे उत्तर ठरलेले असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सुमारे ८१ टक्के स्त्रिया व २६ टक्के पुरुष बिनमोल घरकामात सहभागी असल्याचे आढळले. सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे या कामाला देत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे आले. रोजच्या जवळजवळ पाच तासांच्या श्रमाला करणारीच 'काही नाही' म्हणते, तेव्हा भेद बाहेरून आत शिरलेला असतो.

शेतातही हेच घडते. पेरणी, खुरपणी, काढणी, गुरांचे शेण-पाणी यांत स्त्रीचे श्रम मोठे असतात. पण 'शेतकरी' म्हटले की डोळ्यांसमोर पुरुष येतो. सातबाऱ्यावर तिचे नाव क्वचितच असते, म्हणून पीककर्ज, विमा किंवा बियाण्यांविषयीची बोलणी तिच्याशी होत नाहीत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. तरीही भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून बहिणी हक्कसोड पत्रावर सही करतात. माहेर टिकविण्याची ही किंमत असते आणि ती फक्त बहिणीकडूनच घेतली जाते.

मनावर होणारा परिणाम

फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हुआर यांनी १९४९ मध्ये असे प्रतिपादन केले की, स्त्री ही जन्मतः तशी नसते, ती घडविली जाते. ही घडण स्वतःवर सतत पहारा ठेवण्याच्या सवयीने होते. पदर सावरणे, आवाज खाली ठेवणे, रस्ता बदलून जाणे, बोलण्यापूर्वी 'चूक असेल तर सांगा' अशी पुस्ती जोडणे या गोष्टी पुढे स्वभाव वाटू लागतात. मनाचा मोठा भाग असा पहाऱ्यात खर्च होतो. अपयश आले तर 'मला जमतच नाही' आणि यश मिळाले तर 'घरच्यांनी करू दिले' अशी वाटणी ती स्वतःच करते.

मानसशास्त्रज्ञ पीटर ग्लिक व सुसान फिस्क यांनी १९९६ मध्ये लिंगभेदाचे वैरभावी व हितैषी असे दोन प्रकार वर्णिले. दुसरा प्रकार ओळखणे कठीण असते, कारण तो मायेच्या भाषेत बोलतो : 'तू कशाला त्रास घेतेस', 'बाई म्हणजे घरची लक्ष्मी'. तुळजाभवानीच्या तालुक्यात स्त्रीला देवीचे रूप मानण्याची परंपरा मोठी आहे. ज्या इब्राहिम आदिलशहाने नळदुर्गचा पाणीमहाल उभारला, तो अल्पवयीन असताना विजापूरच्या राज्यकारभारात त्याची चुलती चांदबिबी हिचा मोठा वाटा होता; पुढे तिने मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविला. देवी आणि वीरांगना यांचा गौरव करणे सोपे असते. घरातील साध्या बाईला मत, विश्रांती आणि चुकण्याची मुभा देणे अवघड जाते. अपवादात्मक स्त्रीच्या गौरवाने सामान्य स्त्रीचा प्रश्न सुटत नाही.

या व्यवस्थेची राखण पुष्कळदा सासू, आई, नणंद याच करतात. 'बाईच बाईची वैरी' असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. वस्तुतः ज्या घरात आज्ञाधारकपणा हेच स्त्रीचे भांडवल असते, तेथे वडीलधारी स्त्री आपले उशिरा मिळालेले स्थान त्याच भांडवलावर टिकविते.

याच मातीतील बदल

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातील स्त्रियांना शासन व ग्रामस्थ यांच्यातील संवादाचे काम दिले. ज्यांना घराबाहेरच्या बैठकीत बसणे ठाऊक नव्हते, त्या घरांच्या बांधकामाविषयी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. पुढे याच संस्थेने दुष्काळी भागात एक एकर शेतीची पद्धत रुजवली. कुटुंबाच्या जमिनीतील एखादा एकर स्त्रीने मागून घ्यावा, त्यात अन्नधान्य, डाळी व भाजीपाला कमी पाण्यावर घ्यावा आणि काय पेरायचे हे तिने ठरवावे, असे तिचे स्वरूप आहे. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामातून पुढे आल्या. अल्पवयात लग्न व लवकर आलेले वैधव्य यानंतर बचत गटाच्या बैठकीपासून त्यांचा प्रवास सुरू झाला. संस्थेच्या कार्याला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

नळदुर्गजवळच्या अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'ने खेड्यांतील स्त्रियांना प्राथमिक आरोग्यसेवेचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. जिला घरात कोणी सल्ला विचारत नव्हते, तिला गाव औषध विचारू लागले. या दोन्ही अनुभवांत स्त्रीला उपदेश कमी व अधिकार अधिक मिळाला, आणि आत्मविश्वास अधिकाराच्या मागून आला.

उपाय

कायद्याची चौकट आज बऱ्यापैकी तयार आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ पासून अमलात आला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. महाराष्ट्राच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. परंतु सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी बसून त्यांच्या वतीने बोलणाऱ्या 'सरपंचपतीं'ना कायदा एकट्याने उठवू शकत नाही. ते काम घरापासून सुरू होते : मुलाच्याही हाती झाडू देणे, घरातील सर्वांनी एकत्र जेवायला बसणे, सातबाऱ्यावर दोघांची नावे लावणे, मुलीला 'कोणाबरोबर जातेस?' या प्रश्नाआधी 'काय शिकून आलीस?' असे विचारणे.

बोरी नदीला पूर आला की नर आणि मादी हे दोन्ही धबधबे एकाच बंधाऱ्यावरून वाहतात आणि खाली पोहोचल्यावर त्यांचे पाणी वेगळे ओळखता येत नाही. माणसांच्या वाट्याला मात्र ही वेगळी नावे आयुष्यभर येतात. ती पुसता आली नाहीत, तरी त्यांच्या आधारे होणारी कामाची व मानाची वाटणी बदलता येते. नळदुर्ग परिसरातील कित्येक स्त्रियांनी आपल्या एका एकरापासून तिची सुरुवात केली आहे.