कडक स्प्रिंगांची उसनी प्रतिष्ठा

दोन स्पोर्ट्‌स कार शेजारी उभ्या करून तुलना सुरू झाली की अश्वशक्तीचा विषय लवकर संपतो आणि गाडी स्प्रिंगांवर येते. कोणाची स्प्रिंग किती कडक? जुने इंग्रजी आणि अमेरिकन कोष्टक हा कडकपणा पौंड प्रति इंचात देते, जपानी गाड्यांचे शौकीन किलो प्रति मिलिमीटरमध्ये बोलतात, तर युरोपातले अभियंते न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये. 1 किलो प्रति मिमी म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन प्रति मिमी किंवा 56 पौंड प्रति इंच, एवढे त्रैराशिक जमले की तुलना झाली असे समजायचे आणि जिचा आकडा मोठा ती गाडी अस्सल ठरवून मोकळे व्हायचे. हा निकाल मला मान्य नाही. स्पोर्ट्‌स कारच्या शंभर वर्षांच्या इतिहासात कडक स्प्रिंग ही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी उणिवेवरची मलमपट्टी होती: कधी चासी लेचीपेची म्हणून, कधी ॲक्सल आवरेना म्हणून, कधी गाडीखालच्या हवेला सांभाळायचे म्हणून. मलमपट्टीलाच पुढे दागिन्याचा मान मिळाला, एवढेच.

मुळात सुट्या स्प्रिंगचा आकडा फारसे काही सांगत नाही. स्प्रिंग चाकावर थेट बसत नाही. ती कुठल्यातरी दांड्यावर, मध्येच कुठेतरी टेकलेली असते. चाक 10 मिमी उचलले गेले तेव्हा स्प्रिंग 6 मिमीच दबली, तर चाकापाशी जाणवणारा कडकपणा 0.6 च्या वर्गाने, म्हणजे 0.36 पटीने उतरतो. अशा मांडणीतली 100 न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकापाशी 36 भरते. उलट मॅकफर्सन स्ट्रट या मांडणीत स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. हे प्रमाण 0.95 धरले तर 40 ची स्प्रिंगही चाकापाशी 36 च भरते. कागदावर एक स्प्रिंग दुसरीच्या अडीचपट कडक, रस्त्यावर दोन्ही सारख्या! त्यात वजन आले. तेच 36 न्यूटन प्रति मिमी 250 किलो पेलत असतील तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे 1.9 वेळा डोलतो. 400 किलो पेलत असतील तर दीड वेळा. याचा अनुभव घ्यायला स्पोर्ट्‌स कार लागत नाही. रिकामा ट्रक खडबडीत रस्त्यावर टणाटण उडतो आणि तोच ट्रक ऊस भरून निघाला की शांत चालतो. पाटे तेच असतात, बदलते ते वजन. म्हणून जाणते अभियंते कडकपणापेक्षा ही डोलण्याची गती विचारतात. ऐसपैस सेदान सेकंदाला एकाच्या आसपास डोलते, रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार दीडच्या आगेमागे, पंखांचा आधार नसलेली शर्यतीची गाडी दोनच्या आसपास.

1920 च्या दशकातल्या गाड्यांना यातले काही परवडणारे नव्हते. पुढचा ॲक्सल म्हणजे एक आडवी पोलादी तुळई, आणि तिला जागेवर धरणारे काय, तर तेच पाटे जे तिचे धक्के खात. एकाच पाट्याने स्प्रिंगही व्हायचे आणि ॲक्सलचा लगामही. पुढच्या चाकांना ब्रेक आले तसे काम आणखी वाढले, कारण ब्रेक दाबताच पाटे पिळवटत आणि ॲक्सल फिरू पाहत असे. मऊ पाटे लावले की वेगात पुढची चाके थडथडू लागत आणि स्टिअरिंग हातात नाचे. उपाय एकच, पाटे कडक करणे. शर्यतवाले तर पाट्यांभोवती सुतळीसारखी दोरी घट्ट आवळून बांधत, म्हणजे पाने एकमेकांवर सरकायची थांबत. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या. नट आवळला की गाडी आणखी ताठ. या सगळ्या ताठपणाखाली चासी मात्र शिडीसारखी, दोन लांब पट्ट्या आणि मध्ये आडवे तुकडे. खड्डा आला की पाटा न दबता चासीच पिळे. गाडीत पाचवी स्प्रिंग होती, ती म्हणजे चासी. आणि तिला आवर घालणारा शॉक ॲब्सॉर्बर कुठेच नव्हता. या गाड्यांच्या हाडे खिळखिळी करणाऱ्या चालीला पुढे मर्दानी परंपरेचा मान मिळाला. प्रत्यक्षात तो लोहारकामाच्या मर्यादेचा परिणाम होता.

ही गाठ दोन ठिकाणी, जवळपास एकाच काळात सुटली. मॉरिस ओली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस सोडून 1930 मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे गेला. 1932 मध्ये तिथे एक विचित्र चाचणीगाडी तयार झाली; तिच्यावरची वजने पुढेमागे सरकवून आणि स्प्रिंगा बदलून चाल कशी बदलते ते पाहता येई. तेव्हाच्या गाड्यांत पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा बऱ्याच कडक असत. ओलीने दाखवले की हे उलटे हवे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागची बाजू थोडी जलद डोलली तर उशिरा सुरुवात करूनही ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट राहते. नाहीतर झोपाळ्यासारखी पुढेमागे झुलत बसते. पण पुढे मऊ स्प्रिंग लावायची तर आडवा ॲक्सल जायलाच हवा होता. स्वतंत्र पुढच्या चाकांचे जनरल मोटर्सचे नमुने 1934 साठी बाजारात आले. म्हणजे स्प्रिंग मऊ करण्याची परवानगी मिळाली ती ॲक्सल बदलल्यावर, कोणी सुखलोलुप झाले म्हणून नव्हे.

दुसरे ठिकाण जर्मनीतले, आणि माझ्या दाव्याला खरा आधार तिथलाच, कारण तिथे प्रवाशांचे सुख हा मुद्दाच नव्हता. 1936 चा हंगाम मर्सिडीझसाठी इतका वाईट गेला की अर्ध्यातच शर्यती थांबवाव्या लागल्या. ऑटो युनियनच्या बर्न्ड रोझमायरने त्यांना पार मागे टाकले. त्यानंतर शर्यतीच्या गाड्यांचे तांत्रिक काम रुडॉल्फ उलेनहाउट या तरुण अभियंत्याकडे आले. हा गृहस्थ शर्यतपटू नव्हता, पण गाडी स्वतः न्यूरबुर्गरिंगवर पळवून पाहत असे, आणि पट्टीच्या चालकांच्या तोडीने. त्याचे निदान असे की चासी वाकते आहे आणि स्प्रिंगा गरजेपेक्षा कडक आहेत. 1937 च्या डब्ल्यू 125 मध्ये त्याने बरोबर उलटा डाव मांडला. चासी अंडाकृती पोलादी नळ्यांची आणि खूपच ताठ, स्प्रिंगा मऊ, चाकांना वरखाली व्हायला भरपूर जागा, डोलणे आवरायला जोरकस शॉक ॲब्सॉर्बर. साडेपाचशेहून अधिक अश्वशक्ती आणि इंधन-टायरांशिवाय 750 किलोंची मर्यादा, अशा त्या रानटी गाडीवर रुडॉल्फ काराचिओला त्या वर्षी युरोपचा विजेता झाला. ताठपणा चासीत हवा, स्प्रिंगेत नको, हे इतक्या स्वच्छपणे आधी कोणी सिद्ध केले नव्हते.

तरी समज टिकला. 1945 ते 1949 मध्ये बनलेली एमजी टीसी, उंच तारेच्या चाकांची, दोन्हीकडे ताठ ॲक्सल आणि पाटे असलेली, अमेरिकेत स्पोर्ट्‌स कारची व्याख्याच होऊन बसली. तिच्यामागून आलेल्या 1950 च्या टीडीत पुढे स्वतंत्र चाके आणि कॉइल स्प्रिंगा आल्या. मूळ आखणी ॲलेक इसिगोनिस आणि त्याच्या सहकाऱ्यांची, तीही एका साध्या सेदानसाठी केलेली. कट्टर भक्तांनी नाके मुरडली. गिऱ्हाइकांनी मात्र टीसी दहा हजारांच्या आसपास घेतल्या होत्या, टीडी तीस हजारांच्या घरात घेतल्या. बारा वर्षांनी, 1962 मध्ये, कॉलिन चॅपमनच्या लोटस एलानने उलेनहाउटचेच सूत्र रस्त्यावर आणले: पोलादी पत्र्याचा एक पोकळ कणा, 700 किलोंच्या आतबाहेरचे वजन, आणि शर्यतवाल्याकडून कोणी अपेक्षा करणार नाही इतक्या मऊ स्प्रिंगा. वळणांवर तिच्या बरोबरीला येणाऱ्या गाड्या तेव्हा मोजक्याच होत्या.

इथे पहिला आक्षेप येतो: असे असेल तर फॉर्म्युला वनच्या गाड्या दगडासारख्या का? कारण तिथे स्प्रिंगेचे काम बदलले. लोटस 78 (1977) आणि त्यानंतरची 79 यांनी गाडीखालच्या हवेचा वेग वाढवून गाडी जमिनीला चिकटवली. हा खेळ गाडीचे पोट जमिनीपासून किती मिलिमीटर वर आहे त्यावर चालतो. ती उंची हलली की पकड पळते. 1981 मध्ये गाडीखालची हवा कडेने अडवणारे सरकते पडदे बंद झाले, 6 सेंटिमीटर उंचीचा नियम आला आणि संघांनी स्प्रिंगा इतक्या ताठ केल्या की उरलासुरला लवचीकपणा टायरच्या भिंतींत राहिला. चालकांची नजर धूसर होई, मणके दुखत. 1983 मध्ये सपाट तळ सक्तीचा झाला. तो कडकपणा चाकांसाठी नव्हता, हवेसाठी होता. आणि ज्या गाडीखाली असली हवाच धरलेली नाही तिने तो उसना घ्यावा हे पाऊस नसताना छत्री धरण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कडक गाडी कमी झुकते, स्टिअरिंगला चटकन उत्तर देते, आणि रुंद, बुटक्या भिंतीच्या टायरांना तर झुकणे मुळीच सोसत नाही. हे खरे आहे आणि गुळगुळीत ट्रॅकवर त्याची किंमत कमी मोजावी लागते. पण झुकणे आवरायला अँटी-रोल बार आहे, जो दोन्ही चाके एकदम उंचवट्यावर चढली तर मध्ये पडत नाही; गाडीच्या सांगाड्याची हालचाल आवरायला शॉक ॲब्सॉर्बर आहे. सगळे स्प्रिंगवर लादले की काय होते ते जनरल मोटर्सच्या 1984 च्या कॉर्व्हेटने दाखवले. सपाट वर्तुळावर जास्तीत जास्त पकड मोजायची या हव्यासापायी ती, विशेषतः झेड 51 या संचात, इतकी कडक ठेवली गेली की साध्या रस्त्यावर बसवेना. वर्षभरातच, 1985 च्या नमुन्यात, कंपनीने स्प्रिंगा मऊ केल्या आणि उरलेले काम बार व शॉक ॲब्सॉर्बरांकडे सोपवले. यात एक गंमत आहे. 1953 च्या पहिल्याच कॉर्व्हेटची चासी आखली होती मॉरिस ओलीने. घरातला धडा तीस वर्षांनी घरातच पुन्हा गिरवावा लागला.

आकड्यांचा मोह किती फसवा आहे ते जुन्या पोर्शे 911 वरून कळते. तिला वेटोळ्याच्या स्प्रिंगा नव्हत्या, पिळणाऱ्या पोलादी कांड्या होत्या, आणि त्यांचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 19 मिमीची कांडी काढून 21 ची घातली तर डोळ्याला फरक दिसत नाही. कडकपणा मात्र जवळजवळ दीडपट होतो. गॅरेजमध्ये वेटोळे कापून गाडी बसकी करणाऱ्यांचेही तसेच: आठ वेटोळ्यांतले एक कापले की उरलेली स्प्रिंग सातवा हिस्सा अधिक कडक झाली, आणि दबायला जागाही कमी राहिली. तेव्हा दोन गाड्यांच्या स्प्रिंगांची तुलना करायचीच असेल तर आकडा चाकापाशी मोजलेला मागा, त्या चाकावर किती किलो आहेत ते विचारा, आणि कापायची करवत हातात घेण्याआधी गाडी काट्यावर चढवा.