शेलापागोटे ते फिशपाँड : नागपुरी गॅदरिंगची एक छोटी बखर

महाविद्यालयांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा संस्थापक, प्राचार्य, इमारती आणि निकाल यांना प्रकरणे मिळतात. गॅदरिंगच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो; फिशपाँडच्या वाट्याला तोही नाही. वास्तविक माजी विद्यार्थी एकत्र जमले की रससिद्धान्तावरील व्याख्याने कुणालाच आठवत नाहीत. कोणाला कोणता फिशपाँड पडला होता, ते मात्र यमकासकट पाठ असते. या उपेक्षित वाङ्मयप्रकाराची, निदान आमच्या नागपुरापुरती, ही नोंद.

नागपुरात महाविद्यालयीन शिक्षण रुजले ते १८८० च्या दशकात. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज आणि चीफ कमिशनर मॉरिस यांच्या नावाने १८८५ साली निघालेले मॉरिस कॉलेज ही त्यातली दोन मातब्बर नावे. दोन्हींची पहिली सोयरीक कलकत्ता विद्यापीठाशी होती. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९२३ साली. मॉरिसचे पुढे नागपूर महाविद्यालय झाले, त्यानंतर वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था झाली. तरी ऑटोवाल्याला आजही 'मॉरिस कॉलेज टी पॉइंट' असेच सांगावे लागते. नावे ठेवणे आणि एकदा ठेवलेले नाव न सोडणे, ही नागपूरकरांची जुनी खोड आहे. फिशपाँड या मातीत का फोफावला, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

'फिशपाँड' हे मुळात इंग्रजी जत्रांमधल्या एका खेळाचे नाव. पैसे द्यायचे, पडद्याआड गळ टाकायचा आणि जे पुडके गळाला लागेल ते आपले. आमच्या कॉलेजांनी गळ तेवढा ठेवला आणि पुडक्यांऐवजी माणसे पकडायला सुरुवात केली. गॅदरिंगपूर्वी आठवडाभर ग्रंथालयाबाहेर एक पुठ्ठ्याची पेटी ठेवली जाई. तीत निनावी चिठ्ठ्या पडत, आणि शेवटच्या दिवशी त्या भर सभागृहात नाव घेऊन वाचल्या जात. याच प्रकाराला मराठीत 'शेलापागोटे' असा देखणा शब्द आहे. शेला आणि पागोटे ही खरी सन्मानाची वस्त्रे; पण इथे सन्मान असा की पागोटे डोक्यावर चढताच टोपी उडावी. आम्हांला या शब्दातली मिश्किली फार आवडते.

नाव विलायती असले तरी वृत्ती इथलीच. पूर्व विदर्भातील खडी गंमत आणि दंडार, शाहिरांच्या कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब, होळीची सोंगे : चारचौघांत नाव घेऊन टोपी उडवण्याची परवानगी आमच्या लोकपरंपरेने नेहमीच दिली आहे. नागपुरात तर त्यासाठी खास दिवसच राखून ठेवला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते. सोबत बडगे निघतात आणि त्यांच्या अंगावरच्या फलकांतून महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वांचा समाचार घेतला जातो. मारबतीची मिरवणूकही १८८० च्याच दशकातली मानतात. एकाच दशकात या शहराला कॉलेजही मिळाले आणि मारबतही. फिशपाँड हे आम्हांला त्या दोघांचे अपत्य वाटते.

वाङ्मयीन दृष्ट्या फिशपाँड म्हणजे विडंबनाची धाकटी पाती. 'झेंडूची फुले'मध्ये केशवकुमारांनी ज्या चलाखीने समकालीन कवितेची नस पकडली, तीच चलाखी इथे दोन ओळींत दाखवावी लागते. आमच्या काळचा एक नमुना :

बस चुकली म्हणून वर्गात रोज होतो उशीर,
तर्री-पोह्यांच्या गाडीवर मात्र पहिल्या घाण्याला हजीर!

यात मात्रा मोजू नयेत. पण निरीक्षण अचूक आहे, आणि ज्याच्यावर हे रचले तो स्वतः सर्वांत मोठ्याने हसला होता. चांगल्या फिशपाँडची ओळख हीच.

मात्र दुसऱ्या जातीचे फिशपाँडही असत, आणि ते सांगितल्याशिवाय ही बखर प्रामाणिक होणार नाही. आम्ही एम.ए.ला असताना वर्गात भंडाऱ्याकडची एक मुलगी होती. तिच्या बोलण्यात झाडीबोलीची वळणे सहज येत. त्या वर्षी तिच्या हेलाची नक्कल करणारा फिशपाँड वाचला गेला आणि सभागृह कोसळले. आम्हीही हसलो. त्यानंतर वर्षभर तिने वर्गात तोंड उघडले नाही. हजेरीलाही ती नुसता हात वर करी. त्याच महिन्यात आम्ही 'लीळाचरित्रा'च्या बोलभाषेच्या सौंदर्यावर दहा गुणांची उत्तरे लिहिली होती. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ याच विदर्भात, रिद्धपूरला सिद्ध झाला, हेही त्यात लिहिले होते. सातशे वर्षांपूर्वीच्या बोलीचे आम्हांला कौतुक होते. शेजारच्या बाकावरची बोली मात्र हास्यास्पद वाटत होती. तो फिशपाँड आमच्यापैकीच एकाने लिहिला होता.

थट्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हा प्रश्न नागपूरच्याच महेश एलकुंचवारांनी 'होळी' या एकांकिकेत फार पूर्वी विचारला. होळीची सुटी नाकारली जाते, वसतिगृहातल्या मुलांची हुल्लड वाढत जाते आणि अखेर एका मुलाच्या जिवावर बेतते. केतन मेहता यांनी १९८४ साली तिच्यावर चित्रपट केला. १९९९ साली महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आला. पण कायदा सभागृहातल्या हशाला हात लावू शकत नाही. तो विवेक पेटी उघडणाऱ्यालाच ठेवावा लागतो.

पेटी कोणाच्या हाती, हाही इतिहासाचाच भाग. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबल्या आणि वर्गात पहिला येणारा प्रतिनिधी ठरू लागला. निवडणुकांतली मारामारी गेली हे बरेच झाले. पण पेटी मात्र अशा मुलांच्या हाती आली, ज्यांना विनोद हा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय वाटे. पुढे 'डेज' आले, डीजे आला आणि फिशपाँडला अर्धाच तास उरला. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परतली, तोवर निनावी चिठ्ठ्या मोबाइलमध्ये गेल्या होत्या. तिथे पेटी नाही, ती आधी उघडून पाहणारे कोणी नाही, आणि ज्याच्यावर हसायचे तो समोरच्या खुर्चीवर बसलेलाही नाही. जुन्या फिशपाँडमध्ये निदान त्याचा चेहरा दिसत असे. आमचा अपराध आम्हांला कळला, तो त्या चेहऱ्यामुळेच.

आता पेटी आम्ही उघडतो. नियम दोनच : माणूस जे करतो त्यावर हसावे, जे त्याला जन्माने आणि गावाने दिले त्यावर नाही, आणि पहिला फिशपाँड नेहमी शिक्षकांवर. यंदाचा मान आमचा होता :

नोट्स पिवळ्या, खडू पांढरा, चष्म्याला काळा काठ,
वीस वर्षे एकच धडा, तरी सरांना नाही पाठ!

शेला-पागोटे आम्ही सविनय स्वीकारले आहे. नोट्स बदलण्याचे मात्र अद्याप विचाराधीन आहे.